गाडी बंद, घर चालू
वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीकाकांची उत्तरं

मागच्या अंकात आमच्या गाडीबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एसटीच्या वर्कशॉपात ३४ वर्षं हात काळे केले आणि रिटायर झाल्यावर २०१८ सालचा एक टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्याचं घर करून घेतलं. दोन बाकं, त्यांचाच पलंग, ओटा, पाण्याची टाकी, मागच्या कोपऱ्यात संडास. नातवानं नाव ठेवलं ‘गोगलगाय’. नाव अगदी बरोबर आहे, कारण हिच्याही पोटात पाय आहेत. साध्यासुध्या दिसण्यावर जाऊ नका. मे महिन्यात अशी ऐन जागी बसते की ज्याचं नाव ते. उन्हाळ्याच्या पत्रांतली सहा या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : काका, गुहागरहून पुण्याला परत येताना कुंभार्ली घाट चढत होतो. सासू-सासरे, दोन मुलं आणि आम्ही दोघं. पोफळी सोडल्यावर तापमानाचा काटा वर सरकायला लागला. सासरे म्हणाले, आता वर हेळवाकलाच थांबू, चहा मिळेल. अर्ध्या घाटात बॉनेटमधून वाफ आली. ह्यांनी उतरून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी हातावर उडालं. हात आता बरा आहे. आमचं चुकलं कुठं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, चुकलं ते चहापाशी. अहो, गॅस तुमच्या गाडीत, चहा-साखर तुमच्या गाडीत, आणि चहासाठी हेळवाकची वाट बघता? एसटीचा ड्रायव्हर काटा वर गेला तरी गाडी रेटायचा, कारण मागे पन्नास माणसं घड्याळ बघत बसलेली. तुमच्या मागे कोण होतं? काटा नेहमीच्या जागेवरून हलला की पहिल्या रुंद जागी गाडी बाजूला घ्यायची. वळणावर नाही, दरड सुटते तिथे नाही. तिथवर पोचेपर्यंत एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि गाडीला हीटर असेल तर तो फुल. मे महिन्यात हीटर म्हटल्यावर घरचे वेड्यात काढतात. पण हीटर म्हणजे इंजिनाचा दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनाची गरमी तो आत ओढून घेतो. घामाघूम व्हाल, इंजिन वाचेल.

थांबल्यावर बघा. वाफ नाही, खाली पाणी टपकत नाही, नुसता काटा वर आहे, तर न्यूट्रलला दोन-तीन मिनिटं इंजिन चालू राहू द्या, म्हणजे पंपाचं पाणी फिरत राहतं. वाफ किंवा गळती दिसली तर मात्र ताबडतोब बंद. मग तासभर झाकणाला हात लावायचा नाही. झाकणाच्या स्प्रिंगमुळे आतल्या पाण्यावर दाब असतो, म्हणून कूलंट १२० अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब गेला, आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. तुमच्या यजमानांचं हातावर निभावलं, देवाची कृपा. मी एका हेल्परचा चेहरा सोललेला पाहिला आहे. वरचा होज पाइप बोटांनी दाबून बघा. तो मऊ आणि गार लागला की जाड फडकं झाकणावर टाकायचं, थोडं फिरवायचं, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्यायचा आणि मगच काढायचं. आणि तापलेल्या इंजिनावर बादलीनं गार पाणी ओतू नका. हेडला चीर गेली की पुढची ट्रिप रद्द समजा.

आता ती तापली का, हे तुमच्या पत्रातच दडलेलं आहे. तुम्ही लिहिता, गाडी सजवणाऱ्यानं पुढे ‘दणकट बंपर आणि चार मोठे लाइट’ फुकट बसवून दिले. फुकट कसले! नेमके हवेच्या तोंडावर बसवले असतील. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते, समोरून वारा असा नाहीच, जो काही आहे तो पंख्यानं ओढलेला. त्यात पुढे लाइटांची भिंत. ते लाइट काढा. रेडिएटरची जाळी बाहेरून बघा, किडे आणि चिखल बसून निम्मी बुजलेली असेल. बेताच्या धारेचं पाणी आतून बाहेर मारा. जोरात मारलं तर पत्रे वाकतात.

याच घाटाची आमचीही एक गोष्ट आहे. सांगू नये, पण सांगतो. २०२२ च्या मे महिन्यात हेळवाकच्या अलीकडे रेडिएटरच्या सांध्यातून थेंब थेंब गळायला लागलं. माझ्याकडे सील करायची पावडर नव्हती. ३४ वर्षांचा मिस्त्री आणि डब्यात पावडर नाही! आमच्या घरच्यांनी मिसळणाचा डबा पुढे केला. ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलेलं. मी म्हटलं, हे आडाणी काम आहे. त्या म्हणाल्या, मग शहाणं काम करा. दोन चमचे हळद पाण्यात कालवून टाकली. दहा-पंधरा मिनिटांत थेंब थांबला, कराडपर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी रेडिएटरवाल्यानं खोलला तर आतून पिवळा गाळ निघाला, आणि तो साफ करायची मजुरी सांध्याच्या मजुरीपेक्षा जास्त पडली. तेव्हा हळद ही गॅरेजपर्यंतची सोय. प्लॅस्टिकच्या टाकीला चीर गेली असेल तर हळदीनं काही होत नाही, फक्त गाडीला खमंग वास येतो.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर आमच्या कॅरव्हॅनचा मागचा टायर फुटला. टायर जेमतेम १८ हजार किलोमीटर चालले होते, नक्षी नव्यासारखी. दुकानदार भरपाई देत नाही. सिमेंटच्या रस्त्याचा दोष का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रस्त्याला नंतर बोलू, आधी टायरवर लिहिलेलं वाचा. बाजूच्या भिंतीवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘२३१९’ असतील तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. तुमची गाडी, तुम्हीच लिहिता, आधीच्या मालकाकडे दोन वर्षं उन्हात उभी होती. कॅरव्हॅनचं दुखणं हेच. चालते कमी, उभी राहते जास्त. नक्षी झिजत नाही आणि रबर म्हातारं होतं. वाकून बघा, भिंतीवर केसासारख्या चिरा असतील. स्टेपनीचेही आकडे वाचा, ती तर बहुतेक गाडीबरोबरच जन्मलेली असते.

दुसरं, वजन. वजनकाट्यावर जा. टाकी भरून, भांडीकुंडी आणि घरची सगळी माणसं बसवून. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग नुसती मागची. मी हे केलं तेव्हा आमची गोगलगाय आरसीवरच्या आकड्यापेक्षा २४० किलो जास्त भरली. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, हे माझ्या डोक्यात होतं. कडप्प्याचा ओटा नव्हता. घरच्यांना ओटा कडप्प्याचाच पाहिजे होता, बांधणाऱ्यानं बसवला. त्यात मेहुण्यानं वाढदिवसाला लोखंडी शेगडी दिली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! ओटा काढून प्लायचा केला. चार दिवस घरात अबोला होता.

रस्त्याचं म्हणाल तर समृद्धी ७०१ किलोमीटरचा, सरळ आणि मोकळा. दोष असलाच तर तुम्हाला थांबावंसं वाटत नाही, हा. हवा कमी आणि वजन जास्त असलं की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते नि सुटते, त्यानं आतून तापते. वरून मे महिन्याचं ऊन, खालून तापलेलं काँक्रीट. दर शे-दीडशे किलोमीटरला उतरून चारही टायरांजवळ हाताचा तळवा न्या. एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर त्याची हवा कमी आहे, नाहीतर ब्रेक चिकटलाय. हवा सकाळी निघायच्या आधी गार टायरला मोजा. दुपारी मोजली की आकडा वर दिसणार, आणि पेट्रोल पंपावरचा पोरगा ‘जास्त आहे’ म्हणून काढून टाकणार. तसं करू देऊ नका.

फुटलाच तर ब्रेकवर उभं राहू नका. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, पाय उचला, गाडीला आपोआप हळू होऊ द्या, मग कडेला. माणसं सगळी कठड्याच्या पलीकडे. अशा वेळी गाडीत बसून राहायचं नाही, कितीही घरासारखी वाटली तरी.

दुकानदाराशी भांडून काही मिळेल असं वाटत नाही. विम्याचं मात्र बघा. साध्या गाडीची कॅरव्हॅन केली की तो बदल आरटीओकडून मंजूर होऊन आरसीवर चढलेला लागतो. तसा नसेल तर ऐन वेळी विमा कंपनीला बोलायला जागा मिळते.

प्रश्न : आम्ही दिवेआगरला गाडीतच मुक्काम केला. बांधून देणाऱ्यानं सांगितलं होतं, १५० एएचची बॅटरी आहे, रात्रभर एसी चालेल. अकराच्या आत एसी बंद, सकाळी गाडीही सुरू होईना. गावकऱ्यांनी धक्का मारला तरी नाही. यजमान म्हणतात इंजिनात बिघाड, बांधणारा म्हणतो बॅटरी खराब. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, इंजिन धडधाकट आहे. बॅटरीही बहुतेक बरी असेल. ‘रात्रभर’ हा शब्द तेवढा खराब निघाला. हिशेब भाजीवालीच्या हिशेबाइतका सोपा आहे. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास. साधी शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की लवकर मरते, म्हणून हातात आले ९००. एक टनाचा एसी चालताना साधारण हजार वॉट ओढतो. पुढचं तुम्हीच बघा. उलट १२ व्होल्टचा पंखा २५-३० वॉटचा, तो आठ तास चालला तरी बॅटरीला पत्ता लागत नाही. एसी पाहिजे असेल तर जिथे वीज मिळते अशा आवारात उतरा आणि वायर जोडा.

सकाळी गाडी सुरू का झाली नाही? घराची बॅटरी आणि इंजिनाची बॅटरी या दोन वेगळ्या चुली पाहिजेत. इंजिन बंद झालं की दोघींना तोडणारा एक रिले असतो. तुमच्या गाडीत तो बसवलेला नाही, किंवा चिकटून बसला आहे. एसीनं रात्री दोन्ही चुली विझवल्या. यजमान इंजिन खोलायला निघाले होते म्हणे! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इलेक्ट्रिशियनकडून आधी तो रिले तपासा.

धक्का मारणाऱ्या गावकऱ्यांना माझा नमस्कार कळवा, पण तीन-साडेतीन टनांची गाडी वाळूच्या रस्त्यावर धक्क्यानं सुरू होत नसते. जाड जंप केबल गाडीत ठेवा. फक्त इंजिनाची बॅटरी बसली असेल तर घराच्या बॅटरीवरून तिला जोडून गाडी सुरू करता येते. लाल ते लाल, आणि काळ्याचं दुसरं टोक बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटर बघा. नळाचं ओतू नका.

प्रश्न : आई-बाबा जुलैमध्ये येत आहेत. २५ फुटी मोटरहोम भाड्यानं घेऊन लास वेगास आणि डेथ व्हॅली दाखवायचा विचार आहे. बाबा म्हणतात, तुमच्याकडचा सल्ला घे. (एक वाचक, फ्रिमॉन्ट, कॅलिफोर्निया)

उत्तर : कराडात बसून कॅलिफोर्नियातल्या गाडीचा सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण तो रस्ता मी भाच्याच्या शेजारच्या सीटवर बसून पाहिला आहे, म्हणून बोलतो. बेकर नावाचं गाव लागतं, तिथे १३४ फूट उंच थर्मामीटर उभा केलाय. फूट १३४ च का, तर डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ ला १३४ अंश फॅरनहाइट नोंदले गेले होते. आपल्या भाषेत ५६.७ सेल्सिअस. त्या गावापुढे लांबच लांब चढ, आणि रस्त्याकडेला सरकारी पाटी : गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा. मला घरी आल्यासारखं वाटलं. कुंभार्लीत मी जे ओरडून सांगतो ते तिथे पाटीवर लिहिलेलं!

जुलैत आई-बाबांना मोटरहोममधून डेथ व्हॅलीत नेऊ नका. आधी करार वाचा. भाड्यानं देणाऱ्या बऱ्याच कंपन्या भर उन्हाळ्यात तिथे मोटरहोम न्यायला मनाई करतात. नेलीत आणि बंद पडली तर ओढून आणायचा खर्च तुमच्या खिशातून. पार्कात मोठ्या भागात मोबाइल लागत नाही. डेथ व्हॅली हिवाळ्यात दाखवा, आता समुद्राच्या कडेनं जा. वेगासला जायचंच असेल तर तो चढ उजाडायच्या सुमाराला चढा, आणि माणशी रोजचं किमान चार लिटर पिण्याचं पाणी वेगळं ठेवा, टाकीतलं धरून नव्हे.

मुक्कामात जनरेटर एकाएकी बंद पडला तर आधी इंधनाचा काटा बघा. मोठ्या टाकीवर चालणारा जनरेटर टाकी पावभर उरली की मुद्दाम थांबेल अशीच त्याची नळी बसवलेली असते, म्हणजे पंपापर्यंत जायला इंधन उरतं. भाच्यानं तासभर जनरेटर खोलून बघितला होता. मी शेजारी उभा राहून पाने देत होतो, कुणाला सांगू नका.

प्रश्न : काका, हे सगळं करण्यापेक्षा हॉटेलात राहिलेलं स्वस्त पडत नाही का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : पडतं.

प्रश्न : गाडीचं ह्यांना कळतं. पण ती बंद पडली की मागे बसलेल्यांचं काय करायचं? सासूबाई घाबरतात, मुलं रडतात, अंधार पडत असतो. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : हे पत्र मी आमच्या घरच्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ओट्याशी उभं राहून जे सांगितलं ते तसंच देतो.

“आधी त्यांना लिहा, की मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून उभे असताना ‘अजून किती वेळ?’ हे कुणी विचारायचं नाही. मी पहिल्या वर्षी विचारायची. रस्ता मोठा असेल तर सगळ्यांना खाली उतरवायचं, रस्त्यापासून लांब, झाडाखाली. झाड नसेल तर जुनी सुती साडी मी मागच्या कप्प्यात ठेवलेली असते, ती दोन बाजूंना बांधली की सावली होते. वेगळी पिशवी भरलेली असते, तिला कुणी हात लावायचा नाही. पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, ह्यांच्या बीपीच्या गोळ्या, टॉर्च. चिवडा ठेवायचा नाही, तहान लागते. मुलांना काम द्यायचं. एकानं टॉर्च धरायचा, दुसऱ्यानं किलोमीटरचा दगड शोधून वाचून यायचं, मोठ्या माणसाबरोबर. फोनवर ‘घाटाच्या खाली, एका हॉटेलाजवळ’ असं सांगितलं की कुणी येत नाही. दगडावरचा आकडा सांगितला की येतात.”

यात माझी भर एवढीच. दगडाचं डोकं पिवळं असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, तिथे १०३३ लावा. हिरवं असेल तर राज्य महामार्ग, तिथे जवळचं गॅरेज शोधावं लागतं. भीती वाटण्यासारखं काही असेल तर कुठेही ११२. टोचन करून न्यायची वेळ आली तर कोणत्या गॅरेजला आणि किती पैशांत, हे दोर बांधायच्या आधी ठरवा. इंजिन बंद असलं की ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो आणि स्टेअरिंग जड, म्हणून नुसत्या दोरावर घाट उतरू नका. लोखंडी दांडा किंवा क्रेन येईपर्यंत थांबा. तोवर गाडी पक्क्या रस्त्याच्या पूर्ण बाहेर, सपाट जागी असेल, चाकांना दगड लावलेले असतील, तर आत जाऊन गॅस पेटवायला हरकत नाही. सासूबाईंना पहिला कप.

पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवताना गाडीचं साल, किलोमीटर आणि बिघाड थंड गाडीत होतो की तापल्यावर, हे लिहा. ‘आवाज येतो’ एवढंच लिहिलं तर मला काय कळणार? किणकिण, खडखड, घुंई की फटफट ते लिहा. मागच्या महिन्यात डोंबिवलीच्या एका वाचकांनी आवाज फोनवर तोंडानं काढून दाखवला. बेल्टच्या पुलीचं बेअरिंग होतं, आणि ते पहिल्या फटक्यात ओळखलं आमच्या घरच्यांनी.